बीडलॉक : चाकाला लावलेलं कुलूप

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एखादी थार किंवा जुनी जिप्सी येऊन उभी राहिली की तिच्याभोवती घोळका जमायला वेळ लागत नाही. त्यातून रिमच्या कडेने बोल्टांची रांग दिसली तर विचारूच नका. "एवढे बोल्ट कशाला रे?" असं कोणीतरी विचारतो आणि "लूकसाठी!" असं दुसरा ठोकून देतो. बाजारात नुसते दिखाऊ बोल्ट बसवलेल्या रिम्स भरपूर मिळतात, त्यामुळे हे उत्तर बऱ्याचदा बरोबरही असतं. पण खऱ्या बीडलॉकमध्ये त्या प्रत्येक बोल्टला काम असतं, आणि ते काम नीट समजून न घेता हात घातला तर हात गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी हवेचं काम

टायरच्या दोन्ही काठांत पोलादी तारांचं कडं असतं. त्या काठाला बीड म्हणतात. साध्या चाकात हा काठ रिमला कशानेही बांधलेला नसतो. आतली हवा त्याला रिमच्या कडेवर दाबून धरते, बस्स! रस्त्यावर २८-३० पीएसआयला ही पकड पुरेशी असते.

मग ऑफ-रोडवाले हवा काढतात कशाला? गणित सोपं आहे. माणसांसकट गाडीचं वजन १४०० किलो धरा, म्हणजे एका चाकावर ३५० किलो. २८ पीएसआय म्हणजे साधारण २ किलो प्रति चौ. सें.मी. म्हणजे टायर जमिनीला सुमारे १७५ चौ. सें.मी. टेकतो. हवा निम्मी केली की हेच क्षेत्रफळ ३५० च्या आसपास जातं. (टायरच्या भिंतीचा कडकपणा इथे सोडून दिलाय, प्रत्यक्षात आकडे थोडे कमी-जास्त होतील.) हा वाढलेला ठसा मुख्यतः लांबीला वाढतो. वाळूत चाक रुतत नाही आणि दगडावर रबर अक्षरशः दगडाला मिठी मारतं.

पण हवा कमी केली की बीडवरची पकडही कमी होते. साधारण १५ पीएसआयपर्यंत साधी रिम काम भागवते. त्याखाली गेल्यावर उतारावर गाडी आडवी झाली किंवा चाक दगडात अडकून तिरकं ओढलं गेलं, की बीड जागेवरून सरकतं आणि उरलेली हवा एका क्षणात जाते. कधी जोरात टॉर्क दिल्यावर रिम फिरते आणि टायर तिथेच राहतो. बीडलॉक हा एवढ्याच अडचणीवरचा उपाय आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या जॉन्सन व्हॅलीत २००७ साली 'किंग ऑफ द हॅमर्स' ही शर्यत सुरू झाली. तिथल्या दगडांत उतरणाऱ्या गाड्यांना बीडलॉक सर्रास दिसतं, ते याच कारणाने.

रचना आणि फिटिंग

बीडलॉक रिमच्या बाहेरच्या बाजूला एक पायरी असते. टायरचा बाहेरचा काठ त्या पायरीवर बसतो, त्यावर एक वेगळी रिंग येते आणि पुष्कळ बोल्टांनी (बऱ्याच रिम्सवर २४ ते ३२) तो काठ सँडविचसारखा आवळला जातो. बहुतेक रिम्समध्ये आतला काठ मात्र नेहमीसारखा हवेवरच असतो. दोन्ही काठ धरून ठेवणारी चाकं लष्करी गाड्यांवर असतात.

फिटिंगचा क्रम असा :

१. रिम, रिंग आणि आटे स्वच्छ करा. एकही आटा खराब असेल तर पुढे जाऊ नका.

२. रिम तोंड वर करून लाकडी ठोकळ्यावर ठेवा. आतल्या काठाला साबणाचं पाणी लावून तो रिमवरून खाली उतरवा.

३. बाहेरचा काठ पायरीवर सगळीकडून सारखा बसवा. इथे टायर एका बाजूला सरकला तर तो फिरताना डुगडुगणार, मग कितीही बॅलन्सिंग करा.

४. रिंग ठेवून सगळे बोल्ट हाताने लावा. इथे हवेची गन चालवू नका.

५. टॉर्क रेंच घेऊन समोरासमोरचे बोल्ट, चांदणीच्या आकारात, तीन-चार टप्प्यांत आवळा. रबर दबतं, त्यामुळे एक बोल्ट आवळला की शेजारचा सैल होतो. म्हणून शेवटच्या टॉर्कवर दोन-तीन फेऱ्या होतातच.

६. आतला काठ बसवण्यासाठी हवा भरताना लांब नळी आणि अडकवायचा नोझल वापरा आणि बाजूला उभे राहा. टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नका.

७. थोडं चालवल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. त्यानंतरही हे तपासणं कायमचंच आहे.

आता मशीन डिझाइनवाल्यांसाठी. बोल्टमधला ताण = टॉर्क ÷ (०.२ × व्यास). एम ८ बोल्टला २० न्यूटन-मीटर दिले तर १२,५०० न्यूटन, म्हणजे सव्वा टनापेक्षा जास्त! ३२ बोल्टांचे झाले सुमारे ४० टन. आता आट्यांना तेल लावलं आणि तो ०.२ चा गुणक ०.१५ वर आला, तर त्याच टॉर्कला ताण एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून किती टॉर्क आणि तेल लावायचं की नाही, हे रिम बनवणाऱ्याच्या कागदावरून घ्यायचं. "माझ्या हाताला अंदाज आहे" हे वाक्य इथे चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : टायरमध्ये हवा असताना रिंगचे बोल्ट कधीही सैल करायचे नाहीत. आधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची. जुन्या ट्रकच्या डिस्कची लॉक रिंग उडून माणसं दगावल्याच्या गोष्टी हायवेवरच्या कुठल्याही टायरवाल्याकडे ऐकायला मिळतील. तिथली रचना वेगळी, पण कोंडलेल्या हवेचा स्वभाव तोच.

टायर कुठला?

एटी म्हणजे ऑल टेरेन टायर रस्ता आणि कच्चा रस्ता दोन्ही सांभाळतो. एमटी म्हणजे मड टेरेन. याचे ठोकळे मोठे आणि खाचा रुंद, म्हणजे फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. कोकणातल्या लाल चिखलात किंवा पावसाळ्यातल्या काळ्या मातीत एटीच्या खाचा बुजल्या की त्याचा गुळगुळीत रूळ होतो, तिथे एमटीच हवा. पण ओल्या डांबरावर एमटी कमी पकडतो, आवाज करतो आणि इंधनही जास्त पितो. मलेशियात १९९७ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतातली स्पर्धा २०१४ साली पावसाळ्यात गोव्यात पहिल्यांदा भरली. तसल्या चिखलात टायरची नक्षी आणि विंच यांच्यावरच सगळी भिस्त असते.

मोठा टायर घेताना हिशोब करा. जिप्सीचा २०५/७० आर १५ टायर ६६८ मि.मी. व्यासाचा. त्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ७३३ मि.मी., म्हणजे जवळजवळ १० टक्के जास्त. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ने जात असेल. जमिनीवरची ओढ सुमारे ९ टक्के घटेल, ब्रेकला जास्त कष्ट पडतील. आणि एवढं करून खालची उंची वाढली किती? निम्मी, म्हणजे ३३ मि.मी.! शिवाय जिप्सीसारख्या, मध्ये डिफरन्शियल नसलेल्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये चारही टायर एकाच व्यासाचे हवेत, नाहीतर ट्रान्स्फर केस आणि एक्सल एकमेकांशी भांडत बसतात. स्टेपनीही त्याच मापाची ठेवा.

मग घ्यायचं का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. अपघात झाला तर विम्यावाले आधी चाकंच बघणार. त्यामुळे बीडलॉक शोभतं ते स्पर्धेच्या, ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाडीला. रविवारी घाटात जाऊन सोमवारी कॉलेजला येणाऱ्या गाडीला कंपनीने सांगितलेल्या मापाचे चांगले एटी टायर, एक विश्वासू गेज आणि परत हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर एवढं पुरतं. १८ पीएसआयवर हळू चालवा, डांबरावर यायच्या आधी हवा भरा.

साध्या चाकात काठ धरून ठेवायची जबाबदारी हवेची असते आणि ती गेजवर दिसते. बीडलॉकमध्ये ती बत्तीस बोल्टांवर येते, आणि त्यातला सैल बोल्ट कुठल्याच गेजवर दिसत नाही. पाना हातात घेऊन दर ट्रिपला बत्तीसच्या बत्तीस तपासायचा उत्साह असेल, तरच हे कुलूप चाकाला लावा.