रंगद्रव्यासाठी रेणूची डबी

टायटॅनियम डायऑक्साइड हे भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि टूथपेस्टमध्ये आढळणारे स्वस्त, टिकाऊ अर्धवाहक आहे. त्यातील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. एवढी ऊर्जा अतिनील किरणांत असते, दृश्य प्रकाशात नसते. म्हणून सौरघटात त्याच्या सूक्ष्म कणांवर रंगद्रव्याचा थर देतात. रंगद्रव्य प्रकाश शोषते आणि आपला इलेक्ट्रॉन अर्धवाहकाला देते. ब्रायन ओ'रीगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये या पद्धतीने सुमारे ७ टक्के कार्यक्षमता मिळवली.

त्यासाठी रंगद्रव्य पृष्ठभागाला घट्ट धरून राहावे लागते. हे काम बहुधा कार्बॉक्झिलिक आम्लाचा गट करतो. मात्र असा गट प्रत्येक रंगद्रव्यात नसतो आणि तो जोडला की मूळ रेणूचे गुणधर्म बदलू शकतात. शिवाय पृष्ठभागावर दाटीने बसलेले रेणू एकमेकांना बिलगतात आणि शोषलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते.

रेणुपात्रामुळे या दोन्ही अडचणींवर तोडगा निघतो. पात्र म्हणजे आतून पोकळ असलेला मोठा रेणू. पृष्ठभागाला चिकटणारे गट पात्राला जोडले की आतल्या रंगद्रव्यात काहीच बदल करावा लागत नाही, आणि पात्राच्या भिंतीमुळे शेजारचे रंगद्रव्य दूर राहते. हेमिकार्सरँड हे असेच एक पात्र. २००४ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यात अझुलीन हे निळे हायड्रोकार्बन कोंडून ते टायटॅनियम डायऑक्साइडवर बसवले. अझुलीनचा पृष्ठभागाशी थेट स्पर्श नसतानाही प्रकाश पडताच त्याचा इलेक्ट्रॉन अर्धवाहकात पोहोचला.

दुसरे पात्र कुकर्बिटुरिल. ते १९०५ मध्ये तयार झाले, पण त्याची रचना उलगडली १९८१ मध्ये. आकार पोखरलेल्या भोपळ्यासारखा, म्हणून नावही भोपळ्याच्या कुळावरून पडले. मेथिलीन ब्ल्यू या रंगद्रव्याचे रेणू पाण्यात जोडीने चिकटतात, पण सात एकसारख्या घटकांनी बनलेल्या कुकर्बिटुरिलमध्ये शिरल्यावर ते सुटे राहतात.

पात्राची भिंत ओलांडण्याची इलेक्ट्रॉनची वाट पुंज-सुरुंगनाची (क्वांटम टनेलिंगची), म्हणजे अडथळ्यावरून न जाता त्यातून आरपार जाण्याची आहे. अंतर वाढते तसा इलेक्ट्रॉन पलीकडे जाण्याचा दर झपाट्याने घटतो. उत्तेजित रंगद्रव्य शांत होण्याआधी इलेक्ट्रॉन पलीकडे गेला पाहिजे, म्हणून भिंत फार जाड चालत नाही. मात्र तीच भिंत इलेक्ट्रॉनच्या परतीची वाटही अवघड करते. त्यामुळे पात्र निवडताना पोकळीच्या मापाइतकेच भिंतीच्या जाडीलाही महत्त्व असते.