बाळ डाव्या कुशीतच का?

तान्ह्या बाळाला कुशीत घेताना बहुतेक आया त्याचे डोके आपल्या डाव्या बाजूला ठेवतात. उजवा हात कामाला मोकळा राहावा म्हणून असे होते, हे सहज सुचणारे कारण मात्र टिकत नाही. कारण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ली सॉल्क यांच्या १९६० मधील निरीक्षणांत उजव्या हाताने काम करणाऱ्या मातांपैकी ८३ टक्के, तर डावखुऱ्यांपैकीही ७८ टक्के माता बाळाला डावीकडेच धरत होत्या. सॉल्क यांनी याचा संबंध आईच्या हृदयाच्या ठोक्यांशी जोडला. पुढील संशोधकांचा कल मेंदूच्या उजव्या गोलार्धाकडे, म्हणजे चेहऱ्यावरील भाव ओळखण्यात मोठा वाटा असलेल्या अर्ध्या भागाकडे, वळला. डावीकडचे दृश्य प्रथम तेथेच पोहोचत असल्याने बाळाने काढलेला ओठ आईला चटकन उमगतो, असे ते मानतात. हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे असले, तरी सर्व प्रयोगांनी त्याला सारखा दुजोरा दिलेला नाही.