इंजिन थांबले तरी पाती फिरतात

जत्रेतले कागदी भिरभिरे आपण सर्वांनीच कधी ना कधी हातात धरले आहे. ते घेऊन पळत सुटले, की समोरचा वारा ते फिरवतो. यंत्र लागत नाही. हे भिरभिरे तेवढे लक्षात ठेवा. आकाशात हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले, तर आतल्या माणसांचा जीव याच युक्तीवर तरतो.

पुष्कळांची समजूत अशी, की इंजिन थांबले म्हणजे हेलिकॉप्टर धोंड्यासारखे खाली येणार. तसे होत नाही. सायकलवरून उतार उतरताना आपण पायडल मारायचे थांबतो, तरी चाक फिरतच राहते, कारण मध्ये फ्रीव्हील असते. इंजिन आणि वरची पाती यांच्यामध्येही तशीच सोय असते. वैमानिक डाव्या हातातला ‘कलेक्टिव्ह’ दांडा ताबडतोब खाली करतो. पात्यांचा तिरकेपणा कमी होतो. यंत्र खाली येऊ लागते आणि खालून वर घुसणारा वारा पाती फिरवत ठेवतो. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. स्पेनचे हुआन दे ला सिएर्व्हा यांचे ऑटोजायरो १९२३ साली उडाले, त्याची वरची पातीही अशीच वाऱ्याने फिरत.

आता उतरायचे कसे? उंची हे आपले भांडवल आणि पात्यांचा वेग ही गाठीची पुंजी, असे समजा. जमीन सुमारे ४० फुटांवर आली, की वैमानिक यंत्राचे नाक वर उचलतो. पुढचा वेग मोडतो, खाली येण्याचा वेगही मंदावतो. मग यंत्र सपाट करून तो दांडा वर ओढतो आणि गाठीची पुंजी खर्च करून अलगद टेकतो. ही पुंजी एकदाच खर्चता येते, बरं का! घाई केली तर उंचावरून आदळणे आले, उशीर केला तरी आदळणेच आले.

रॉबिन्सन आर-२२ हे दोन आसनी हेलिकॉप्टर शिकवण्यासाठी पुष्कळ वापरले जाते. त्याची पाती हलकी, म्हणून पुंजीही लहान. दांडा खाली करायला वेळ मिळतो तो सेकंद-दीड सेकंदाचा. पात्यांचा वेग फारच उतरला, तर तो परत मिळत नाही. म्हणूनच अमेरिकेने १९९५ साली आर-२२ आणि आर-४४ यांच्या वैमानिकांना खास शिक्षण सक्तीचे केले.

पण खरी गोम पुढेच आहे. इंजिन बंद पडणे क्वचितच घडते. त्याचा सराव करताना मात्र अनेक हेलिकॉप्टरे मोडली आहेत. औषधानेच रोग व्हावा, तसे हे झाले. मग सराव सोडायचा काय? मुळीच नाही, तो शिस्तीने करायचा.

तोंड वाऱ्याकडे असावे आणि खाली धावपट्टीसारखी मोकळी, सपाट जागा असावी. सराव केव्हा सुरू होणार आणि दांडे कोणाच्या हाती राहणार, हे शिक्षक व शिष्य यांनी आधीच बोलून ठेवावे. इंजिनाची शक्ती अवचित तोडून शिष्याला दचकवू नये. आधी दांडा खाली, मग शक्ती कमी. उन्हाळ्यात हवा विरळ असते, वजनही जास्त असेल, तर यंत्र अधिक वेगाने खाली येते, हे ध्यानी ठेवावे.

सर्वांत मोठा नियम १०० फुटांचा. तेथे येईपर्यंत वळणे पुरी झालेली हवीत, पात्यांचा वेग हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर हवा, पुढचा वेग ६० ते ७० नॉट हवा, उतरणेही नेहमीच्या गतीने हवे. यांपैकी एक गोष्ट जरी चुकली, तरी ‘पाहू या, जमेल’ म्हणायचे नाही. तत्काळ शक्ती द्यायची आणि वर निघून जायचे. शिवाय लागोपाठ तीन-चारहून अधिक वेळा हा सराव करायचा नाही. हात थकण्याआधी लक्ष थकते, हा आम्हा शिक्षकांचा वर्गातलाही अनुभव आहे.

वाचकहो, परत वर जाण्यात कमीपणा कसला? ज्याला वेळेवर माघार घेता येते, त्यालाच दुसऱ्या दिवशी पुन्हा सराव करता येतो.