घर, घार आणि पंधरा मिनिटं
ऑफिस, ट्रॅफिक आणि डेडलाइन यांतून उरलेल्या वेळात मुलांना वाचनाची गोडी लावता येते? येते! आणि त्यासाठी फ्लॅशकार्ड्‌स लागत नाहीत

संध्याकाळचे साडेसात. लॅपटॉपची बॅग सोफ्यावर, चपला दारात वेड्यावाकड्या, कुकरची दुसरी शिट्टी झालेली. तेवढ्यात मुलीच्या दप्तरातून शाळेची डायरी बाहेर येते. आत एक ओळ. ‘वाचनात थोडी मागे आहे, घरी सराव घ्यावा.’ मुलीचं वय? साडेचार!

ही गोष्ट कोथरूडला राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीची. नवरा-बायको दोघंही आयटीत, लेक इंग्लिश मीडियमच्या सीनियर केजीत. डायरीतली ती ओळ वाचून बाईंनी त्याच रात्री ऑनलाइन फ्लॅशकार्ड्‌स मागवली. नवऱ्यानं फोनवर दोन ॲप्स टाकली. सासूबाई म्हणाल्या, ‘रोज तासभर पाटी घेऊन बसवा, आमच्या वेळी असंच करायचे.’ आठवडाभर तिन्ही प्रयोग एकदमच चालले. आठव्या दिवशी कार्ड्‌सचा डबा दिसताच लेक म्हणाली, ‘आई, माझ्या पोटात दुखतंय.’

‘अगं, आधी मला खरंच वाटलं,’ मैत्रीण सांगत होती. ‘मग लक्षात आलं की डबा कपाटात गेला की पोटदुखी गायब होते! वाचायला शिकवायच्या नादात मी तिला वाचनाची भीतीच घालत होते.’

तुमच्याही घरी अशी एखादी डायरी आली असेल, तर आधी एक दीर्घ श्वास घ्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षं हा शिक्षणाचा ‘पायाभूत स्तर’ मानलाय आणि तो खेळातून, कृतीतून पार पडावा असं म्हटलंय. २०२१मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘निपुण भारत’ मोहिमेतही मुलांना समजून वाचता येण्याची मुदत तिसरीच्या अखेरीपर्यंतची आहे. म्हणजे साडेचाराव्या वर्षी कोणी ‘मागे’ वगैरे पडत नसतं. या वयात खरं काम वेगळंच असतं. ते डोळ्यांआधी कानांनी करायचं असतं!

आधी कान, मग डोळे

ब्रिटनमधल्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या मानसशास्त्रज्ञांनी १९८३मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अजून वाचता न येणाऱ्या चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांना त्यांनी तीन-चार शब्द ऐकवले आणि ‘यातला वेगळ्या आवाजाचा कोणता?’ असं विचारलं. पुढं काही वर्षं या मुलांवर लक्ष ठेवलं. ज्यांचा कान लहानपणी तयार होता, ती मुलं पुढं वाचनातही पुढं असल्याचं दिसलं.

फंडा सोपा आहे. शब्द हा आवाजांचे तुकडे जोडून बनतो, हे आधी कानाला कळलं पाहिजे. मग त्या तुकड्याला कागदावरची खूण चिकटते. आणि हा कान मराठीत तयार झाला तरी इंग्रजी वाचताना उपयोगी पडतोच. त्यामुळे ‘शाळा इंग्लिश मीडियमची, मग घरी मराठी खेळ कशाला?’ हा प्रश्न निकालात! ज्या भाषेत मूल भांडतं, हसतं, हट्ट करतं, त्याच भाषेत हे खेळ सगळ्यात जास्त रंगतात.

मैत्रिणीनं फ्लॅशकार्ड्‌स माळ्यावर टाकली आणि रोज फक्त पंधरा मिनिटं ठरवली. तीही सलग नाहीत. पाच स्कूटरवर, पाच स्वयंपाकघरात आणि पाच गादीवर.

स्कूटरवरची पाच मिनिटं

शाळेत सोडताना किंवा सिग्नलला थांबल्यावर हा खेळ खेळा. ‘पोळी, गोळी, टोपी, मोळी. यातला आगाऊ पाहुणा कोण?’ टोपी! मग मुलाला तुमची परीक्षा घेऊ द्या. त्याचे शब्द निरर्थक असले तरी चालतील. ‘पोळी, झोळी, ढोळी’ म्हणाला, तर ‘ढोळी’ शब्दकोशात शोधू नका. यमक जुळलं, म्हणजे कान चालतोय.

दुसरा खेळ शिकारीचा. ‘आज आपण “क”ची शिकार करायची.’ कावळा, कुत्रा, केळीवाला, कार. जो आधी पाच पकडेल तो जिंकला. उद्या ‘म’ची पाळी.

मूल पाचेक वर्षांचं झालं की शब्दांच्या भेंड्या. मामा, मग मासा, मग साबण... आणि इथं गाडी अडते, कारण ‘ण’नं मराठी शब्द सुरूच होत नाही! ‘ळ’चंही तेच. लहानपणी समोरच्यावर ‘ण’ आणि ‘ळ’ टाकून आपण त्याची कशी जिरवायचो, आठवतंय? ही युक्ती मुलाला आपली आपण सापडू द्या. ज्या दिवशी ते मुद्दाम ‘कमळ’ म्हणून तुमच्याकडे बघून हसेल, त्या दिवशी समजा की शब्दाचा शेवटचा आवाज त्याला वेगळा काढता येतोय.

टाळ्या आणि बटणं

शब्दाचे तुकडे पाडायला टाळ्या उत्तम. पण मराठीत इथं एक गंमत आहे, ती आई-बाबांना माहीत हवी. ‘बाबा’ला दोन टाळ्या, अक्षरंही दोन. ‘आजी’चंही तसंच. पण ‘घर’ म्हणताना तोंडातून एकच तुकडा येतो आणि कागदावर अक्षरं मात्र दोन. ‘कमळ’ बोलताना क-मळ, म्हणजे टाळ्या दोन, अक्षरं तीन. ‘साखर’चंही हेच. मुलानं ‘कमळ’ला दोनच टाळ्या वाजवल्या तर ‘चुकलं’ म्हणू नका. त्यानं बरोब्बर ऐकलंय!

म्हणून सुरुवात बाबा, मामा, काका, आजी, रवा, चहा अशा शब्दांनी करा. इथं टाळी आणि अक्षर यांचं जुळतं. घरात जुन्या शर्टांची बटणं असतील तर प्रत्येक अक्षराला एक बटण ठेवायचं. हा खेळ हाताशी बसला की मग ‘घर’ आणि ‘कमळ’ आणा. ‘बोलताना एक, लिहिताना दोन, असं कसं?’ हा प्रश्न मुलानं विचारला तर तो वाचनाच्या दारात उभा आहे असं समजा.

स्वयंपाकघर हीच शाळा

ताटात मूठभर रवा पसरा. बोटानं ‘ग’ काढा, ताट हलवा, ‘ग’ गायब! पाटीवर खोडून खोडून लिहिण्यापेक्षा यात कितीतरी जास्त धमाल आहे. सुरुवात ‘अ’पासूनच करायला हवी असं नाही. ग, म, भ, न ही जोडगोळी मराठी शाळांत पहिल्यापासून लाडकी आहे, कारण चौघांच्याही उजव्या बाजूला एक उभी रेघ असते. आकार एकमेकांच्या जवळचे, हात लवकर बसतो. शिवाय ‘मग’, ‘नग’, ‘नभ’ असे शब्दही लगेच जुळतात. मात्र ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ हे जुळ्या भावंडांसारखे दिसतात. त्यांना एकाच दिवशी भेटवू नका.

पोळ्या करताना कणकेचा एक गोळा मुलाला द्या. त्याची वळी करून अक्षर बनवायचं आणि तव्यावर भाजून खायचं. डब्यांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावा. रवा, चहा, मीठ, गूळ. ‘जरा रव्याचा डबा दे’ म्हटलं की आधी मूल डब्याच्या रंगावरून ओळखेल. मग हळूच दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करा आणि गंमत बघा. वाणसामानाची यादी करताना त्याच्याही हातात कागद-पेन्सिल द्या. त्यानं काढलेल्या रेघोट्या म्हणजे त्याची यादीच. दुकानात ती त्याला ‘वाचून’ दाखवू द्या.

यातलं काहीच विकत आणावं लागत नाही. डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, खडे अशा आसपासच्या वस्तूच शिकण्याची साधनं केल्या. मग आपल्या टू बीएचकेत काय कमी आहे?

काडीचा काना

आता माझा सगळ्यात आवडता खेळ. आइस्क्रीमची एक काडी धुऊन ठेवा. हा झाला काना! कागदाच्या चौकोनांवर एकेक अक्षर लिहा. ‘घ’ आणि ‘र’ शेजारी ठेवले की घर. मध्ये काडी उभी केली की? घार! ‘मळ’ची माळ होते, ‘तर’ची तार होते. पुढं दोऱ्याची वेलांटी केली की ‘तार’चा तीर होतो.

इथं घाई नको. आपली लिपी शिकायला वेळ घेते, कारण २६ अक्षरं पाठ करून काम भागत नाही. प्रत्येक व्यंजनाची अख्खी बाराखडी, वर जोडाक्षरं, रफार. बंगळुरूच्या संशोधक सोनाली नाग यांनी कन्नडमध्ये वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. कन्नड लिपीची घडण आपल्यासारखीच, आणि तिथं अक्षरांवर पूर्ण पकड यायला चौथीपर्यंतचा काळ जातो असं त्यांच्या २००७च्या अभ्यासात दिसलं. पहिली वेलांटीच घ्या. ‘दिवा’मध्ये ती ‘द’च्या आधी काढायची आणि बोलायची मात्र नंतर. मूल गोंधळणारच! त्यामुळे काना पक्का झाल्याशिवाय वेलांटीकडे जाऊ नका.

रस्ता वाचा!

२०२२मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि राज्यातल्या लहान-मोठ्या सगळ्याच दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली. या वादात तुमचं मत काहीही असो, तुमच्या मुलाला मात्र फुकटात भलंमोठं पुस्तक मिळालंय. मुंबईकरांसाठी तर लोकलची स्टेशनं आहेतच. ‘परळ’ म्हणजे तीन सुटी अक्षरं, ना काना ना मात्रा. ‘दादर’मध्ये एकच काना. ‘दहिसर’ला पहिली वेलांटी. सोप्याकडून अवघडाकडे जाणारा अभ्यासक्रम रेल्वेनंच आखून दिलाय जणू!

गादीवरची पाच मिनिटं

झोपताना गोष्ट वाचायची, हे सगळ्यांना माहीत आहे. पण कशी वाचायची? अमेरिकेतल्या ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना एक साधी गोष्ट शिकवली. नुसतं वाचून दाखवू नका, मुलाला बोलतं करा. ‘हे काय आहे?’ ऐवजी ‘आता हा काय करेल?’ असं विचारा, मुलाच्या उत्तरात आणखी एखादा शब्द घाला. महिन्याभरात ही मुलं बोलण्यात इतरांच्या पुढं गेलेली दिसली.

चिऊ-काऊची गोष्ट यासाठी झक्कास. तेच तेच वाक्य परत येतं, तिथं तुम्ही थांबायचं आणि मुलानं पूर्ण करायचं. एकच पुस्तक पंधराव्यांदा आणलं तरी कंटाळू नका. पाठ झालेल्या ओळीखालून बोट फिरवताना आवाज आणि अक्षर यांची गाठ पडते. पुस्तकं कोणती, असं विचाराल तर ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं घरात असूच द्या. बजेट टाइट असेल तर ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीवर’वर २०१५पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत वाचायला मिळतात.

पाच सोपे नियम

* खेळ मुलाला हवा तेव्हा सुरू आणि त्याला कंटाळा येण्याआधी बंद.
* दर वेळी चूक दुरुस्त करू नका. तुम्ही बरोबर म्हणा आणि पुढं चला.
* पाहुण्यांसमोर ‘वाचून दाखव बघू’ अजिबात नाही.
* आजी-आजोबांना सामील करून घ्या. कोडी आणि बडबडगीतांचा साठा त्यांच्याकडे आपल्यापेक्षा मोठा आहे.
* पाच वर्षांनंतरही यमक ओळखू येत नसेल, किंवा हाक मारल्यावर लक्ष जात नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून कान तपासून घ्या. त्यात लाज कसली?

आणि त्या मैत्रिणीच्या लेकीचं काय झालं? दोन महिन्यांनंतरही ती धडाधड वाचत नाही. शाळेच्या डायरीतही काही कौतुक आलेलं नाही. पण तिच्या पोटात आता दुखत नाही. परवा मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा ती जमिनीवर बसून चौकोन मांडत होती. आम्ही दोघी ऑफिसच्या गप्पांत रंगलो होतो. एकदम तिनं ‘घ’ आणि ‘र’च्या मध्ये काडी ठेवली, बोट फिरवून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि टाळ्या पिटत ओरडली, ‘आई, आपलं घर उडालं!’