मोंढ्यातील डाळ आणि मुलांचे ताट

पावसाळा सरला की परभणी, सेलू, मानवत, जिंतूर येथील मोंढ्यांत सोयाबीनच्या राशी पडू लागतात. मागाहून तूर येते. भावाची चर्चा तेव्हा घरोघर चालते, आणि ती चालावी हे योग्यच आहे. परंतु या मालाचा कितीसा अंश आपल्याच जिल्ह्यातील मुलांच्या ताटात पडतो, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तोच आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

‘पोर दिवसभर चरत असते, तरी त्याचे समाधान होत नाही,’ ही तक्रार सुखवस्तू घरांत नित्य ऐकू येते. तिचे एक कारण स्टीफन सिम्प्सन व डेव्हिड राउबेनहायमर या शास्त्रज्ञांनी २००५ साली सुचविले. शरीराची भूक नुसत्या उष्मांकांची नसते; देह बांधणाऱ्या प्रथिनांचीही असते. अन्नात त्यांचा वाटा अल्प असला, तर तो पुरा करण्याच्या ओढीने प्राणी अधिक खातो, आणि पिष्ट व तेल गरजेहून जास्त पोटात जाते. टोळांवरील प्रयोगांत हे प्रथम दिसले. ऑस्ट्रेलियातील स्थूल मुलांच्या व किशोरांच्या आहारनोंदींत २०२० साली तोच कल आढळला. नोंदींवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि पाच रुपयांच्या तळीव पुडीने भूक का शमत नाही, याचा विचार करण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

गरिबाच्या घरी याच उणिवेचे रूप निराळे असते. तेथे अधिक खावयास अन्नच नसते. उष्मांक अपुरे पडले की शरीर मिळालेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. घर बांधावयास आणलेले सागवान चुलीत घालावे तसा हा प्रकार होय. म्हणून अशा मुलास भाकरीही पोटभर हवी आणि डाळही.

आमची ज्वारीची भाकरी वाईट मुळीच नाही. येथील कृषी विद्यापीठाने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हे लोह व जस्त अधिक असलेले वाण दिले, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु ज्वारीत प्रथिने सुमारे दशांश, आणि त्यांत लायसीन हा आवश्यक घटक थोडा. तुरीच्या डाळीत प्रथिने पंचमांशाहून अधिक असून ती नेमकी हीच उणीव भरून काढते. वरण-भाकरीची जोडी आमच्या आजीबाईंनी अचूक जुळविली होती. चुकते ते वरणाचे माप. सोयाबीनमध्ये तर प्रथिने तृतीयांशाहून अधिक. पण त्याचे तेल निघते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते.

मुलींविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास दिवसास ४५ ग्रॅम प्रथिने हवीत, मुलीस ४३. अंतर केवळ दोन ग्रॅमांचे! मग सर्वांमागून जेवणाऱ्या मुलीच्या वाट्यास आमटीचे नुसते पाणी यावे, हा कोणता न्याय? ही रूढी मोडण्यास कायदा लागत नाही. पंगत एकत्र बसविली म्हणजे झाले.

शाळेतील आहारात प्राथमिक वर्गांस १२ ग्रॅम व वरच्या प्राथमिक वर्गांस २० ग्रॅम प्रथिनांचे माप ठरले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यास एक अंडे सुरू केले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबविला व शाळांनी लोकसहभागातून सोय पाहावी असे सुचविले. कोणी म्हणेल, हे काम सरकारचे. सरकारचे आहेच, आणि निधीची मागणी आपण सोडता कामा नये. पण तोवर मुलांची वाढ थांबून राहत नाही. मोंढ्यातील अडत्यांनी व व्यापाऱ्यांनी एकेक शाळा वाटून घ्यावी. आठवड्यास एक अंडे, आणि जे ते खात नाहीत त्यांस मटकीची उसळ अथवा शेंगदाणा-गुळाचा लाडू द्यावा. गणेशोत्सवास वर्गणी देणारा हात येथे आखडेल, असे आम्हांस वाटत नाही.

ज्या जिल्ह्यातून डाळ गाड्या भरभरून बाहेर जाते, त्याच जिल्ह्यातील पोराने पातळ आमटीत भाकरी बुडवावी, यात व्यापार असेल; शोभा नाही.