पोलीस गैरवर्तनाविरुद्धची तक्रार (महाराष्ट्र)

पोलीस अधिकाऱ्याने वा कर्मचाऱ्याने अधिकाराचा गैरवापर केला, कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य टाळले किंवा नागरिकास बेकायदा त्रास दिला, तर त्याविरुद्ध सक्षम यंत्रणेकडे केलेल्या लेखी निवेदनास पोलीस गैरवर्तनाविरुद्धची तक्रार असे म्हणतात. महाराष्ट्रात अशा तक्रारीसाठी वरिष्ठ पोलीस अधिकारी, न्यायदंडाधिकारी, पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग असे निरनिराळे मार्ग उपलब्ध आहेत. प्रत्येकाचे अधिकारक्षेत्र वेगळे असल्याने तक्रारीचे स्वरूप पाहून मार्ग ठरतो.

पार्श्वभूमी

२६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. उच्च न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. मात्र सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. या निकालाविरुद्ध चार विधी प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. पुढे १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती होऊन कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरला.

अटक व कोठडीसंबंधीचे नियम सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात (१९९६) घालून दिले. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल देताना न्यायालयाने पोलीस सुधारणांचे सात निर्देश दिले. राज्य व जिल्हा पातळीवर स्वतंत्र तक्रार प्राधिकरण स्थापणे हा त्यांपैकी एक होय. पोलिसांविरुद्धची चौकशी केवळ पोलिसांच्याच हाती राहू नये, हा त्यामागील विचार आहे.

पोलीस तक्रार प्राधिकरण

२०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ यात दुरुस्ती करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद करण्यात आली. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. जिल्हा पातळीऐवजी महाराष्ट्राने महसुली विभागाच्या पातळीवर प्राधिकरणाची तरतूद केली. वरिष्ठ पोलीस निरीक्षक व त्याखालील दर्जाच्या पोलिसांविरुद्धच्या तक्रारी विभागीय प्राधिकरणाकडे, तर त्यावरील अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी राज्य प्राधिकरणाकडे जातात. पुणे विभागात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर हे जिल्हे येतात.

कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार वा त्याचा प्रयत्न, विहित पद्धती डावलून केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन वा घर बळकावणे आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर हे प्राधिकरणाच्या चौकशीचे विषय आहेत. साक्षीदारांना बोलावणे व कागदपत्रे मागवणे याबाबत त्यास दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. मात्र ते स्वतः शिक्षा देत नाही. आपला अहवाल शासनाकडे पाठवते. शासन कारणे नोंदवून तो नाकारू शकते. प्राधिकरणाच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असे २००६ च्या निकालात अभिप्रेत होते.

गुन्हा नोंदवून न घेतल्यास

सर्वसामान्य नागरिकाची नेहमीची तक्रार मारहाणीची नसून, 'ठाण्यात नोंदच घेतली नाही' अशी असते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात (२०१३) स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी खबर घ्यावी लागते आणि तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. नकार मिळाल्यास खबरीचा सारांश टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

भोर व वेल्हे तालुक्यांतील व्यवस्था

१९४८ मध्ये भोर संस्थान विलीन झाले. आज भोर व वेल्हे हे दोन्ही तालुके पुणे ग्रामीण पोलीस दलाच्या कार्यक्षेत्रात येतात. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर उपविभागीय पोलीस अधिकारी, त्यांच्यावर पोलीस अधीक्षक आणि त्यांच्यावर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक अशी वरिष्ठांची उतरंड आहे. अधीक्षकांचे कार्यालय पुण्यात पाषाण भागात आहे. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय भोर येथे आहे.

ठाण्याच्या नावाबाबत येथे घोटाळा होण्याचा संभव असतो. राजगड किल्ला वेल्हे तालुक्यात आहे, परंतु राजगड पोलीस ठाणे भोर तालुक्यातील नसरापूर येथे आहे. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाल्याने अर्जात ठाणे व गाव दोन्ही स्पष्ट लिहिणे आवश्यक ठरते.

गावचा पोलीस पाटील हा पोलीस दलाचा कर्मचारी नसतो. त्याची नेमणूक महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार होते. त्यामुळे त्याच्याविषयीची तक्रार ठाण्याऐवजी महसूल उपविभागाच्या दंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते.

तक्रारीचे स्वरूप व पुरावा

तक्रारीत घटनेचा दिनांक, वेळ, ठिकाण, संबंधित पोलिसाचे नाव किंवा ठाऊक असल्यास बक्कल क्रमांक आणि साक्षीदारांची नावे क्रमवार असावीत. नाव माहीत नसल्यास वर्णन व ठाणे नमूद करता येते. दुखापत झाली असल्यास शासकीय रुग्णालयातील वैद्यकीय तपासणीचा कागद महत्त्वाचा ठरतो. सर्व पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिला. चित्रण कायम राहत नसल्याने ते जपून ठेवण्याची लेखी मागणी लवकर करणे हिताचे असते. अर्जाची पोच वा नोंदणीकृत टपालाची पावती हा पुढील प्रत्येक टप्प्याचा आधार होय. तक्रारीवर काय कारवाई झाली, हे माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार विचारता येते.

अन्य मार्ग

लाच मागितल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाशी १०६४ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती व कोठडीतील व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार विनामूल्य वकील मिळू शकतो. दुर्गम वाडीवस्तीतून ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे आहे त्याच्याच ठाण्याची पायरी चढणे अनेकांना अवघड वाटते. टपालाने अर्ज करण्याची सोय व विनामूल्य विधी साहाय्य यांचे महत्त्व अशा ठिकाणी अधिक आहे.