फिल्मला प्रकाश किती द्यावा?

चुन्याच्या भिंतीसमोर पांढऱ्या गणवेशात बसलेल्या एका वर्गाचा निरोपाचा फोटो आम्ही काढला होता. कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाचा काटा बरोबर मध्यावर होता. तरी निगेटिव्ह फिकट निघाली. चेहऱ्यांचे बारकावे उमटलेच नव्हते. तो वर्ग पुन्हा एकत्र आला नाही. चूक कुठे झाली?

फिल्मला मिळणारा प्रकाश म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. बादली भरताना नळ मोठा सोडला तर वेळ कमी लागतो, तसेच हे. तीव्रता भिंगामागच्या छिद्रावर ठरते. भिंगावरचे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ हे आकडे म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. ५० मि.मी.च्या भिंगाला ४ वर व्यास १२.५ मि.मी., तर ५.६ वर सुमारे ८.९ मि.मी. असतो. व्यास सुमारे १.४ पटीने, म्हणजे २ च्या वर्गमूळाइतका घटला की क्षेत्रफळ निम्मे होते आणि प्रकाशही. म्हणून ८ वर १/१२५ सेकंद काय किंवा ११ वर १/६० सेकंद काय, फिल्मला जवळजवळ सारखेच.

आमचे हे गणित बरोबर होते. चुकले ते मापकाचे ऐकण्यात. समोरचे दृश्य सरासरी सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करते, असे मापक धरून चालतो. पांढरी भिंत आणि झगझगीत उजेड यांतला फरक त्याला कळत नाही. त्यामुळे त्याने प्रकाश कमी करायला लावला. अशा वेळी मुलांवर पडणाऱ्या उजेडातच आपला तळहात धरून माप घ्यावे आणि प्रकाश दुप्पट, म्हणजे एक पायरी जास्त द्यावा.